कडा उतरण्याआधी

होणाऱ्या जावयाची ती पेटी हल्डा पेटिंगिलच्या डोळ्यांत सलायला लागली, ती नदी ओलांडली त्या दिवसापासून.

पेटी काही मोठी नव्हती. पाइनच्या फळ्यांची, हातभर लांब, दोरीने उभी-आडवी बांधलेली. आल्मन टेब्स सुतार होता, तेव्हा पेटी त्यानेच केलेली असणार. पण नदी ओलांडताना नाव कलली, पीठ भिजलं, घोंगड्या भिजल्या, आणि या गड्याने सगळं सोडून ती पेटी तेवढी छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी.

"काय आहे रे एवढं त्यात?" हल्डाने पलीकडच्या काठावर सहज विचारावं तसं विचारलं.

"काही नाही, सिस्टर. कपडे आहेत," तो म्हणाला आणि घोडे पुसायला निघून गेला.

कपडे! त्याच्याकडे सदरे होते दोन. एक अंगात आणि एक गाड्याच्या कमानीवर वाळत घातलेला. मग हे कपडे कुणाचे?

हल्डा बोलली मात्र नाही. नवरा गेल्यापासून तिने दोन नेम धरले होते. सकाळी धर्मग्रंथाचं एक पान वाचून, गुडघे टेकून प्रार्थना केल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा पहिला. दुसरा नेम त्याहून अवघड. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. पहिला नेम वाळवंटातसुद्धा कधी मोडला नव्हता. दुसरा रोज मोडता मोडता राहत होता.

दोनच गाडे होते त्यांचे. पुढचा ब्रदर हस्केट आणि त्यांची बायको मेलिसा यांचा, मागचा आल्मनचा. त्यांच्या पंथात पुरुषाला ब्रदर म्हणत, बाईला सिस्टर. आल्मनच्या गाड्यात हल्डा आणि तिची मुलगी लव्हिना झोपत, आणि लग्न व्हायचं असल्यामुळे आल्मन स्वतः हस्केटांच्या गाड्याखाली. पिकं घरात आली की लिटल कोलोराडो नदीच्या काठची लग्नाळू पोरं-पोरी अशीच निघत, सेंट जॉर्ज गावातल्या त्यांच्या पंथाच्या मंदिराकडे. महिनाभराची वाट, सगळी रेती आणि दगड. लग्न गावातही लागलं असतं. पण ते मरेपर्यंतचं. मंदिरात बांधलेली गाठ मेल्यावरही सुटत नाही. म्हणून तर एवढा खटाटोप.

आणि म्हणूनच हल्डाची नजर त्या पेटीवरून हलत नव्हती. चुकीच्या माणसाशी मरेपर्यंत संसार करणं एक, आणि अनंतकाळ करणं दुसरं.

हस्केट नवरा-बायको निघाले होते ते मेलेल्यांसाठी. जी माणसं मंदिर न पाहताच गेली, त्यांच्या नावाने जिवंत माणसाने उभं राहायचं आणि त्यांचे विधी करून द्यायचे, अशी रीत होती. मेलिसाच्या यादीत सात नावं होती.

"माझी मावशी बघ," भाकरी थापता थापता मेलिसा सांगत होती, "जन्मभर माझ्या हातचं खाल्लं नाही. म्हणायची, मेलिसाच्या घेवड्यात खडे असतात. आता तिच्यासाठी मी उभी राहणार. वरती भेटली की विचारणार आहे, काय मावशे, आता कसं?"

लव्हिना खूप हसली. आल्मन हसला नाही. तो उठला आणि सरपण आणायला गेला, सरपण ढीगभर पडलेलं असताना. हल्डाने तेही पाहून ठेवलं.

खरी पाल चुकचुकली ती झऱ्यावर. वाटेत जो मोठा कडा उतरायचा होता, त्याच्या तीन दिवस अलीकडे गोड पाण्याचा झरा होता, तिथे गुरं पाजायला एक गुराखी आला होता, उत्तरेकडच्या खोऱ्यातला. आल्मनला पाहून त्याने टोपी उडवली.

"अरे, तू इंगरचा आल्मन ना?"

आल्मनचा चेहरा राखेसारखा झाला. "हो," तो हळूच म्हणाला आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून त्याला लांब, गुरांच्या पलीकडे घेऊन गेला. दोघं बराच वेळ बोलत होते. परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद होता. जाताना नव्हता.

"कोण इंगर?" हल्डाने विचारलं.

"ओळखीचे लोक आहेत. डॅनिश. आमच्या जुन्या गावचे."

"लोक?"

"कुटुंब आहे त्यांचं," तो म्हणाला. पुढे ताकास तूर लागू देईना.

लव्हिना तिथेच बादली धूत होती. तिने मान वर करून आधी आल्मनकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुन्हा बादली घासायला लागली. वीस वर्षांची उंच, हाडापेराने मोठी मुलगी. बोलणं कमी. तिच्या मनात काय चाललंय ते बापालाही कधी कळलं नव्हतं.

हल्डाला दुसरी बायको होण्याची धास्ती नव्हती, पंथात ते चालत आलं होतं. तिची स्वतःची आई दुसरी बायको होती. पण तिला मागणी घालायला पहिली स्वतः आली होती, हातात जाम घेऊन, आणि दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर राबल्या. आई जाणूनबुजून दुसरी झाली. हल्डाची बहीण झाली ती न जाणता. लग्नानंतर दोन वर्षांनी दारात एक बाई उभी राहिली, कडेवर मूल, आणि म्हणाली, ह्यांचं घर हेच ना? बहीण त्यानंतर कधी मोठ्याने हसली नाही. आणि आता तर सरकारी माणसं दोन बायकांच्या नवऱ्यांना हुडकून तुरुंगात घालत होती, त्यामुळे खरोखरचे सज्जनसुद्धा बायका लपवायला शिकले होते. मग जे सज्जन नव्हते त्यांचं काय सांगावं?

"अगं हल्डा," मेलिसा त्या दिवशी म्हणाली, "तू त्या पोराकडे बघतेस की कोंबड्यांत शिरलेल्या कोल्ह्याकडे? जावई आहे तो तुझा."

"अजून झालेला नाही," हल्डा म्हणाली.

लव्हिनाची शिफारसचिठ्ठी, बिशपच्या सहीची, हल्डाच्याच पिशवीत होती. तिच्याशिवाय मंदिराचं दार उघडत नाही. कड्याखाली उतरलं की मंदिर एका दिवसावर. म्हणजे जे काय बघायचं ते कड्याच्या वरच बघायला हवं होतं.

कडा आला तो तेविसाव्या दिवशी, सकाळी. जमीन चालता चालता एकदम संपते आणि खाली, हजार हातांवर, दुसरी जमीन सुरू होते. मधे वाट म्हणजे आधीच्या गाड्यांनी खडकावर ओढलेले ओरखडे.

हस्केटांनी ही उतरण सहा वेळा केली होती. त्यांचे नियम ठरलेले. मागची दोन्ही चाकं साखळीने गाड्याला जखडायची, म्हणजे ती फिरायची नाहीत, नुसती घसरतील. मागच्या कण्याला जुनिपरचं आख्खं झाड फांद्यांसकट बांधायचं, म्हणजे ते मागे ओढ देईल. एकाने घोड्यांच्या तोंडाशी चालायचं, बाकीच्यांनी मागचा दोर धरायचा. घोड्यांपाशी चालणारा सोडून चालत्या गाड्याच्या खालच्या अंगाला कुणीही, काय वाटेल ते झालं तरी, जायचं नाही. आणि गाड्यात सुटी वस्तू एकही ठेवायची नाही. पेट्या, पिंपं, पोती, सगळं माणसांनी पाठीवरून खाली न्यायचं.

"ती पेटी राहू दे गाड्यात," आल्मन म्हणाला. "हलकी आहे. मी बांधून टाकतो."

"हलकी असो नाहीतर जड," हस्केट म्हणाले. "मागच्या वेळी एक हलकी पेटी घरंगळत घोड्याच्या ढुंगणावर आली. घोडा अजून सापडायचाय. उतरव."

"मग मी नेतो."

"तू माझ्या गाड्याचा दोर धरणार का पेटी?"

"आण इकडे," हल्डा म्हणाली. "मी नेते."

आल्मनने एकदा दोराकडे पाहिलं. मग त्याने पेटी तिच्या हातात दिली. "जपून हं, सिस्टर. भिजवू नका, आपटू नका."

"मला सांगतोस होय? मी सहा मुलं वाढवलीत."

आधी हस्केटांचा गाडा गेला. साखळ्या कडाडल्या, जखडलेल्या चाकांखालून दगडाचा भुगा उडाला, जुनिपरच्या फांद्या मोडत राहिल्या. आल्मन, लव्हिना आणि मेलिसा दोराला लोंबकळल्यासारखे मागे झुकून गेले. हल्डा सगळ्यांच्या मागून, पेटी कमरेवर घेऊन, पावलापावलाने उतरली. अर्ध्या वाटेवर एक सपाट टप्पा होता. गाडा तिथे थांबला नाही, खालीच गेला. ती थांबली. दम लागला होता, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं.

खालून मेलिसाचा आवाज येत होता. "धरा रे! अगं बाई, मेले मी! धरा!"

ती खडकावर बसली. पेटी मांडीवर. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही हा नेम. मग पाहायचं तरी कधी? चोरी होती ही, तिला कळत होतं. तिने मनातल्या मनात क्षमा मागितली आणि दोरीची गाठ सोडली. क्षमा आधी मागून पाप नंतर केल्याचं तिच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

वरती जुनी चादर. चादरीखाली बाईचा पांढरा झगा. कोरा, मंदिरात घालतात तसा. पांढरे मोजे, पांढऱ्या कापडी चपला. चपला तर इतक्या लहान, की लव्हिनाचा अंगठाही मावला नसता. तिने झगा उभा धरला. लव्हिनाच्या पोटऱ्यांपर्यंतच आला असता.

म्हणजे आहे. इंगर नावाची, बुटकी, लहान पावलांची बाई आहे, आणि ती सेंट जॉर्जमध्ये वाट बघते आहे. एकाच फेरीत दोन लग्नं उरकायची. हल्डाची कानशिलं तापली. जितकी चीड आली तितकंच, सांगायला नको, एक समाधानही वाटलं. तरी मी म्हणत होते.

मग तिची नजर शिवणीवर गेली. जन्म शिवण्यात गेलेला, नजर जाणारच. गळा, खांदे, कंबरेपर्यंतची शिवण मुंगीच्या पावलांसारखी बारीक. कंबरेखाली मात्र टाके एकदम बोटबोटभर, वाकडेतिकडे, मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे. असा दोरा सुतार वापरतात. एका ठिकाणी तपकिरी डाग होता, सुई बोटात घुसल्याचा.

जिवंत बाई आपला लग्नाचा झगा असा अर्धा टाकून पुरुषाच्या हाती कशाला देईल?

पावलं वाजली. आल्मन वर चढून येत होता, दुसरा गाडा आणायला. टप्प्यावर आला, उघडी पेटी पाहिली, आणि जागीच थांबला.

"ही कोण?" हल्डाने झगा पुढे केला. "खरं सांग. जिवंत आहे का?"

"नाही." त्याने टोपी काढली. "तीन वर्षं झाली. ताप आला. आम्ही मंदिराला निघायला पंधरा दिवस होते. झगा तिनेच शिवायला घेतला होता, मग... उरलेला मी शिवला."

"दिसतंय ते."

त्याने खिशातला कागद काढून दिला. इंगरच्या बापाची चिठ्ठी होती ती, या वाटेवर गाठ पडेल म्हणून त्या गुराख्याबरोबर धाडलेली. आमच्या मुलीची गाठ मंदिरात आल्मन टेब्सशी बांधावी, आमची संमती आहे. खाली त्याची सही.

"तिला मी वचन दिलं होतं, सिस्टर. मरताना."

हल्डाने चिठ्ठी दोनदा वाचली. मेलेल्या मुलीशी गाठ बांधायची तर तिच्या नावाने एक जिवंत बाई उभी राहायला हवी. कोण उभी राहणार, हे विचारायचीही गरज नव्हती. आणि त्या गाठीनंतर दुसऱ्या दिवशी लव्हिनाची गाठ.

"म्हणजे माझी मुलगी दुसरी."

"हो."

"पहिलीच्या जागी तीच उभी राहायची, आणि मग स्वतःच्या जागी दुसरी म्हणून."

"हो."

"तिला सांगितलंस?"

त्याने टोपीची कड बोटांत फिरवली.

"वर्षभर आमच्या अंगणात येऊन बसत होतास. माझ्या हातचे वाळलेले पीच खाल्लेस, माझं छप्पर शाकारलंस. कधी सांगणार होतास?"

"तिथे पोचल्यावर." त्याचा आवाज खाली गेला. "दारात."

संशय खोटा ठरला असता तर हल्डाने त्याची क्षमा मागितली असती. खरा ठरला असता तर गाडा तिथूनच फिरवला असता. हा अर्धा खरा, अर्धा खोटा निघाला होता, आणि अशा संशयाचं काय करायचं ते तिच्या कुठल्याच नेमात नव्हतं.

"तुझा गाडा वरच राहील," ती म्हणाली, "तू तिला सांगेपर्यंत. उत्तर ती देईल." आणि तिने खाली तोंड करून हाक मारली, "लव्हिना! वर ये!"

लव्हिना आली, तिच्यामागून धापा टाकत हस्केट. उघडी पेटी, हातात टोपी घेतलेला आल्मन, हल्डाचा चेहरा, एवढं त्यांनी एका नजरेत पाहिलं. "मी वरती साखळ्या बघतो," ते म्हणाले आणि न थांबता पुढे चढून गेले.

आल्मनने सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं, एवढं मात्र हल्डाने मान्य केलं. लव्हिना ऐकताना झगा हातात घेऊन उभी होती.

"तर हे मला मंदिराच्या दारात कळणार होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"अंगावर पांढरे कपडे, मागे आई, महिनाभर रेती तुडवून आलेली, सगळे बघतायत. तेव्हा मी नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलंस."

"म्हणूनच दारात."

आल्मनने दगडांकडे पाहिलं. "म्हणूनच," तो म्हणाला.

वारा सुटला होता. लव्हिनाने झग्याचं टोक पायाखाली येऊ नये म्हणून हातावर गोळा केलं.

"कशी होती ती?"

"बुटकी." त्याने छातीपाशी हात धरून दाखवला. "भांडखोर. माझ्या प्रत्येक खुर्चीचा एक पाय लांब आहे म्हणायची."

"आहेच," लव्हिना म्हणाली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि लगेच विझलं. तिने झग्याची घडी घातली, नीट, बाह्या आत घेऊन, आणि पेटीत ठेवला.

"तिच्यासाठी मी उभी राहीन," ती म्हणाली. "ती तीन वर्षं वाट बघतेय, तिचा यात काय दोष? तिची गाठ तुझ्याशी बांधून देईन. मोजेबिजे काही मला यायचे नाहीत, माझे मी घालीन."

आल्मनचा चेहरा उजळला. "लव्हिना, मी..."

"थांब, माझं संपलेलं नाही. माझी गाठ या फेरीत नाही."

हल्डाच्या तोंडून "अगं" निघून गेलं.

"पुढच्या हिवाळ्यात बघू. तोवर तू आमच्या अंगणात ये, पीच खा, आणि जे काय सांगायचं राहिलं असेल ते सांग. काही राहिलेलं नसेल तर तेही मला कळेल. एवढी वाट पुन्हा तुडवावी लागली तर तुडवू. रेती कुठे पळून जात नाही."

"आणि पुढच्या हिवाळ्यात नाही म्हणालीस तर?"

"तर दारात नाही, अंगणात म्हणेन."

हल्डाला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की काळजी मिटेल. ती तशीच होती. सहा मुलांत ही एकच लग्नाची राहिली होती. जमलेलं लग्न दाराशी येऊन थांबवायला तिने स्वतःच हाक मारली होती. ती लव्हिनाच्या दंडाला हात लावायला गेली.

"आणि आई, तू," लव्हिना वळून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "पेटी उघडण्याआधी मला हाक मारता आली असती. त्याचं गुपित पेटीत, तुझा संशय पोटात. नदी ओलांडल्यापासून मीच तेवढी तुम्हा दोघांमधे बसून घेवडा निवडत होते."

हल्डा गुडघ्यांवर बसली. तिने पेटीची दोरी बांधायला घेतली. गाठ नीट बसेना, म्हणून आल्मनने वाकून ती मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"चुकलं माझं," हल्डा म्हणाली. त्याला की तिला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वरून हस्केट ओरडले, "अहो, वारा वाढतोय! लग्न मोडलं असेल तरी गाडा उतरवायला हवा, आणि जमलं असेल तरी उतरवायला हवा!"

तिघं वर चढले. साखळ्या जखडल्या होत्या, झाड बांधून झालं होतं. आल्मन घोड्यांच्या तोंडाशी गेला. हस्केटांनी दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेभोवती घेतलं, आणि लव्हिनाने काही न विचारता त्यांच्या पुढची जागा धरली. गाड्याच्या सर्वांत जवळची, सगळ्यात जास्त ओढ बसणारी.

"सिस्टर, तिथे मी," हस्केट म्हणाले.

"राहू द्या," लव्हिना म्हणाली.

गाडा काठावरून खाली झुकला. घोड्यांनी मागचे पाय पोटाखाली घेतले, चाकं फिरली नाहीत, किंचाळली. चालत्या गाड्याच्या खाली फक्त आल्मन होता, घोड्यांची तोंडं धरून, पाठ दरीकडे. दोर सुटला असता तर सगळा गाडा त्याच्या अंगावर गेला असता.

"धर!" तो खालून ओरडला.

हल्डा मागून येत होती. मुलीचा चेहरा तिला दिसत नव्हता. दिसत होत्या त्या खडकाच्या भेगेत रुतवलेल्या तिच्या टाचा, आणि दोराभोवती पांढरी पडलेली बोटं.

लव्हिनाने धरलं होतं.